सेंद्रिय भाजी कडू लागली, वास आला: जिभेला काय कळतं आणि काय कळत नाही

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभर त्या करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून दर शनिवारी सेंद्रिय भाजीची टोपली घेतात. मार्चपासून चव बिघडली. गाजर औषधासारखं लागायला लागलं, पालकाला फिनेलसारखा वास आला आणि गेल्या आठवड्यात दुधी कडूजार निघाला. घरातल्या बाकीच्यांनी ताट बाजूला सारलं, पण सासूबाईंनी अन्न टाकायचं नाही म्हणून वाढलेली भाजी संपवली आणि रात्री त्यांना तीन-चार उलट्या झाल्या. शेतकरी गुपचूप औषध मारतो का, पंचगंगेचं पाणी भाजीत उतरलंय का, आणि हे तपासून कुठं मिळेल, असं त्यांनी विचारलंय.

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी दुधीचं. त्यातला तुकडा घरात शिल्लक असेल तर टाकून द्या. जनावरालाही घालू नका. मीठ लावून, पिळून, उकळून त्याचं काही होत नाही. दुधी, काकडी, दोडका, घोसाळं ही सगळी भोपळ्याच्या कुळातली. या कुळातल्या वेली किडीपासून, जनावरांपासून स्वतःला वाचवायला कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार करतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गोड फळांचंच बी राखलं म्हणून आपल्या खाण्यातल्या दुधीत ती अगदी नगण्य उरली आहेत. पण एखाद्या फळात ती भरपूर उतरली तर ते फळ विषारीच समजायचं. 2010 साली दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं या विषयावर तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सरळ होता: आधी छोटासा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर तो दुधी वापरूच नका, आणि रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात कळ असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. सलाइन लावून, रक्तदाब सांभाळून रुग्णाला त्यातून बाहेर काढावं लागतं. सासूबाई आता बऱ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून हायसं वाटलं. तरी त्यांचं वय बघता एकदा डॉक्टरांना दाखवा आणि ‘कडू दुधी खाल्ला होता’ हे शब्द आवर्जून सांगा, नाहीतर नुसतं अपचन समजून गोळ्या दिल्या जातात. पुन्हा कधी घरात असं झालं आणि उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, चक्कर आली, तर रात्र असली तरी थांबू नका, सीपीआर हे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय गाठा. आणि सासूबाईंना माझ्याकडून एवढं सांगा की कडू दुधी टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान नव्हे. त्यांच्या पिढीतल्या बायका घरातलं उरलंसुरलं, बिघडलेलं आधी स्वतःच्या पानात घेतात, म्हणून अशा प्रसंगात त्याच आजारी पडताना मी बघितल्या आहेत.

आता तुमचा संशय. कीटकनाशक मारल्यानं दुधी असा कडू होत नाही. कडूपणा येण्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे वेलाला बसलेला ताण. मार्च-एप्रिलचं ऊन, लोडशेडिंगमुळं चुकलेली पाण्याची पाळी, चार दिवस कोरडं आणि मग एकदम तुडुंब, असं झालं की काही फळांत कडूपणा चढतो. काकडीत तो देठाकडं आणि सालीत जास्त असतो, म्हणून आपल्याकडं काकडीचं टोक कापून चाखायची रीत आहे. दुसरं कारण बियाण्याचं, आणि सेंद्रिय शेतीत ते जास्त दिसतं, कारण हा शेतकरी दुकानातून संकरित बी न आणता स्वतःचं जवारी बी राखतो. राखणं चांगलंच आहे. पण परिसरात कुठं कडू भोपळ्याचा वेल असेल तर मधमाशी त्याचे परागकण आणून टाकते. मिरजेच्या तंबोऱ्याला जो भोपळा लागतो तोही या दुधीचाच भाऊबंद, जातीनं एकच आणि चवीला कडू. अशा संकरानं त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, म्हणून कुणाला काही कळत नाही. त्या फळाचं बी पुढच्या वर्षी पेरलं की मग वेलच्या वेल कडू निघतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच रानात सात वर्षांपूर्वी हे घडलं. कुंपणावर एक वेल आपोआप उगवून आला होता, फळं गोल आणि देखणी, म्हणून मी तो राहू दिला. पुढच्या हंगामात घरच्या बियाण्याच्या अकरा वेलांपैकी चार कडू निघाले. दोन गिऱ्हाइकांकडं फळं गेली होती. सुदैवानं दोघांनी चाखून टाकून दिली. तेव्हापासून दुधी तोडला की प्रत्येक वेलाचं पहिलं फळ मी स्वतः चाखतो: देठाकडची एक चकती आणि टोकाकडची एक, जिभेवर ठेवायची आणि थुंकायची. एक वेल कडू निघाला की मुळासकट उपटायचा आणि त्याच्या शेजारच्या वेलांचं बीही राखायचं नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती इथंच सांगतो. जीभ आणि नाक झाडाचा ताण, बियाण्याचा दोष, साठवणीतली चूक फार छान ओळखतात. पण ज्याची तुम्हाला भीती वाटते, म्हणजे कीटकनाशकाचा अंश, शिसं, कॅडमियम, नायट्रेट, जुलाबाचे जंतू, त्यातलं जवळजवळ काहीच भाजीत ज्या प्रमाणात असतं त्या प्रमाणात चवीला लागत नाही. भाजी कडू म्हणून शेतकरी लबाड ठरत नाही आणि भाजी गोड म्हणून ती स्वच्छही ठरत नाही. सत्तावीस वर्षं मी भाजीच्या रानांतून हिंडतोय. फसवणूक झालेल्या बऱ्याच भाज्या चवीला उत्तम होत्या. म्हणून तुमचे प्रश्न दोन आहेत: चव का बिघडली, आणि भाजी दूषित आहे का. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधायची.

गाजराकडं येऊ. ‘औषधासारखं’ म्हणजे नक्की कसं, हे घरी एकदा नीट बघा. गाजराची साल काढून आतला गाभा वेगळा चाखा. कडूपणा सालीतच जास्त असेल तर बहुतेक ते साठवणीत बिघडलंय. पिकणारी केळी, सफरचंद, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. त्यांच्याजवळ गाजर ठेवलं की ते सालीत एक कडू द्रव्य तयार करतं. शेतकऱ्याच्या शेडमध्ये केळीचा घड शेजारी टांगलेला असतो, किंवा तुमच्या फ्रिजमध्ये सफरचंद आणि गाजर एकाच कप्प्यात असतात. कप्पे वेगळे करून दोन आठवडे बघा. उलट गाभ्यासकट सगळंच टर्पेंटाइनसारखं उग्र लागत असेल आणि गोडी कमी असेल, तर ते उन्हाचं गाजर आहे. गाजर थंडीचं पीक. आपल्याकडं फेब्रुवारी सरला की त्यात साखर कमी भरते आणि उग्र वासाची तेलं वरचढ होतात. त्या शेतकऱ्याला मार्चनंतर गाजर टोपलीत घालू नको म्हणावं, एवढंच.

एक तिसरी शक्यता आहे आणि ती मी गंभीरपणे घेतो: गाजर, बीट, बटाट्याला येणारा कुबट, बुरशीसारखा वास. बीटाचा मातीचा वास वेगळा. तो जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसाला मातीतून जो वास येतो त्याच द्रव्याचा, आणि त्यानं काही अपाय नाही. पण आपल्या भागातली बरीच भाजीची रानं आधी उसाची होती. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला मारायला एके काळी बीएचसी या कीटकनाशकाची पावडर सर्रास टाकली जायची. 1997 साली तिच्यावर देशात बंदी आली, पण हे द्रव्य मातीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांना त्याचा कुबट वास लागतो हे फार जुनं निरीक्षण आहे. गाजर ते सालीत धरून ठेवतं, त्यामुळं जाड साल काढली तर बराच अंश जातो. आजचा शेतकरी पूर्ण प्रामाणिक असला तरी त्याच्या आजोबांनी टाकलेली पावडर त्याच्या मातीत असू शकते. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतराचा, म्हणजे रासायनिकाकडून सेंद्रियाकडं येण्याचा, काळ धरतात. एवढ्यात आजची बहुतेक औषधं मातीतून ओसरतात, बीएचसीसारखी जुनी औषधं ओसरतीलच असं नाही. म्हणून ‘हे रान आधी कशाचं होतं’ हा प्रश्न मी कुठल्याही शेतकऱ्याला पहिला विचारतो.

आता पालक. फिनेलसारखा वास वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लगेच उसाचं रान आलं. सुरू हंगामातल्या उसाची लागण आणि खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची, मशागत झाली की या दिवसांत टू-फोर-डी नावाचं तणनाशक फवारतात. त्याला स्वतःलाच फिनेलच्या जातीचा उग्र वास असतो. दुपारच्या उन्हात वाऱ्यावर मारलं की त्याचे थेंब आणि वाफ बांध ओलांडून शेजारच्या भाजीवर येते. उसाला, गवताला ते काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मात्र लगेच बाधतं: देठ पिळवटतात, पानं द्रोणासारखी मुडपतात, टोमॅटोचे शेंडे तर दोरीसारखे होतात. तुमच्या पालकाचे देठ असे पिळवटलेले होते का, आठवून बघा. हातकणंगले तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचं वीस गुंठ्यांचं सेंद्रिय टोमॅटोचं रान याच कारणानं एका दुपारीत गेलेलं मी पाहिलंय. त्यानं स्वतः काहीही मारलं नव्हतं. पुढं त्यानं उसाच्या बाजूला गजराज गवताचा जाड ताटवा लावला आणि शेजाऱ्याशी बोलून फवारणी सकाळी वारा पडलेला असताना करायचं ठरवलं. कधी कारण त्याहून साधं असतं: भाड्यानं आणलेला फवारणी पंप. काल त्यातून तणनाशक गेलं, आज न धुता दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क. सेंद्रिय शेतकऱ्याचा पंप स्वतःचा आणि वेगळा हवा, यावर मी अडून बसतो.

वास सेंद्रिय फवारणीचाही असू शकतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कडुनिंबाचं तेल पानाला चिकटून राहतं आणि आदल्या दिवशी मारलेलं असेल तर पालक, मेथी, चाकवत चक्क कडू लागतं. मासळीचं टॉनिक, लसूण-मिरचीचा अर्क, गोमूत्र यांचे वास तर तुम्हाला ओळखू येतील. हे विषारी नाही, पण तोडणीच्या आधी आठवडाभर फवारणी थांबवली पाहिजे. एक गोष्ट मात्र मला मनापासून डाचते. बाजारात ‘जैविक’, ‘हर्बल’ म्हणून मिळणाऱ्या काही बाटल्यांत रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडलेलं आहे. एका झटक्यात सगळी मावा-तुडतुड्यांची कीड साफ होते तेव्हा शेतकऱ्यानंच दचकलं पाहिजे. निंबोळी अर्क असा काम करत नाही, तो हळूहळू काम करतो.

पाण्याचं आता. पंचगंगेच्या पाण्यानं पालकाला वास येतो असं मला वाटत नाही. पण म्हणून पाण्याचा प्रश्न लहान होत नाही, उलट चवीपेक्षा मला तोच मोठा वाटतो. पावसाळ्यात नदी वाहती असते. उन्हाळ्यात आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं पाणी तुंबतं, त्यात जयंती नाल्यासारख्या नाल्यांचं सांडपाणी येऊन मिळतं, जलपर्णी माजते, आणि खाली इचलकरंजीच्या बाजूला कापड प्रक्रियेचं पाणीही त्यात येतं. उपसा योजनेनं तेच पाणी रानात जातं. त्यातले जंतू शिजवल्यावर मरतात, पण कोथिंबीर, कांद्याची पात, काकडी, मुळा आपण कच्चा खातो. पालेभाजी कॅडमियम मुळांतून उचलते आणि ते धुऊन, शिजवून जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा पालेभाजीसाठी किलोला 0.2 मिलिग्रॅम कॅडमियम आणि 0.3 मिलिग्रॅम शिसं अशी आहे. फळभाजीत हे धातू पालेभाजीपेक्षा कमी उतरतात. म्हणून ज्याच्या पाण्याचा भरवसा नाही त्याच्याकडून वांगी, दोडका घ्या, पालक-पोकळा नको, असं मी सांगतो.

पाणी कुठलं याहून मोठा प्रश्न कधीकधी हा असतो की तोडलेली भाजी धुतात कुठं. रान विहिरीवर भिजतं आणि मेथीच्या पेंढ्या मात्र बाजाराला न्यायच्या आधी ओढ्यात बुडवून ताज्या करतात. सगळी मेहनत तिथं वाया जाते. तसंच ताज्या शेणाचं. शेण-गोमूत्र आंबवून केलेलं जीवामृत मी स्वतः वापरतो, पण ते मातीत. काही मंडळी ते गाळून कोथिंबिरीवर फवारतात आणि चौथ्या दिवशी काढतात, हे मला अजिबात मान्य नाही. त्यात ताजं शेण असतं. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या खाण्याच्या पिकाला कच्चं शेणखत काढणीच्या किमान 120 दिवस आधी घालावं लागतं. आपल्या इथं एवढं शक्य नसेल तर निदान कच्च्या खाण्याच्या पानावर ते पडू नये. हे बोललं की सेंद्रियवाले काही मित्र नाराज होतात, पण गिऱ्हाइकाच्या घरात लहान मूल असतं.

तपासणीचं. घरी करायची कुठलीही पट्टी किंवा यंत्र यासाठी विकत घेऊ नका. शासनमान्य आणि एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली अन्नतपासणी प्रयोगशाळा निवडा. पुण्यात अशा अनेक आहेत. किलो-दोन किलो भाजी, न धुतलेली, स्वच्छ नव्या प्लास्टिक पिशवीत, वर्तमानपत्रात न गुंडाळता, थंड पेटीतून दुसऱ्या दिवसाच्या आत पोचली पाहिजे. कीटकनाशकांसाठी ‘मल्टी-रेसिड्यू’, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधांचे अंश शोधणारी तपासणी मागा आणि तिच्या यादीत तणनाशक टू-फोर-डी आणि एचसीएच, म्हणजे तेच बीएचसी, आहे का ते विचारून घ्या. जड धातू वेगळे आणि जंतू वेगळे, प्रत्येकाचे पैसे वेगळे. खर्च काही हजारांत जातो, म्हणून टोपली घेणाऱ्या दहा-बारा घरांनी मिळून एकच नमुना करावा. अहवाल वाचताना एवढं लक्षात ठेवा: आपल्या 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार कीटकनाशकाचा अंश नेहमीच्या मर्यादेच्या 5 टक्क्यांपर्यंत किंवा यंत्राला मोजता येईल त्या किमान पातळीपर्यंत, यात जे जास्त असेल तेवढा चालतो. म्हणजे काहीतरी ‘सापडलं’ म्हणून लगेच फसवणूक झाली असं होत नाही. किती आणि काय सापडलं ते बघायचं.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. दुकानातून घेतलेली भाजी असेल तर 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला ती फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येते. खरेदी करतानाच तसं दुकानदाराला सांगावं मात्र लागतं. थेट शेतकऱ्यानं शेतावर पिकवून दिलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही, आणि वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या, थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्राचीही सक्ती नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत कागदापेक्षा ओळख आणि जाणंयेणं यावरच सगळं चालतं. त्याच्याकडं पीजीएस-इंडियाचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांची रानं तपासून दिलेलं, गटप्रमाणपत्र असेल तर ते दाखवायला सांगा, त्यात वाईट वाटायचं काही नाही.

घरी काय करायचं: पालेभाजी आधी वाहत्या पाण्याखाली, मग मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग पुन्हा साध्या पाण्यात. वरवरचा अंश आणि माती यानं बरीच जाते. झाडाच्या रसातून भिनणारी औषधं जात नाहीत. हिरवी पडलेली, कोंब आलेली बटाटी टाका, कितीही सेंद्रिय असली तरी. त्यांतलं सोलॅनिन नावाचं विषही शिजवून जात नाही.

आणि त्या शेतकऱ्यावर लगेच तुटून पडू नका, त्याच्या रानात जा. शक्यतो सकाळी, दोन-तीन टोपलीवाल्या घरांना बरोबर घेऊन. पंप कुठाय, पाणी कुठून येतं, भाजी कुठं धुता, उसाची बाजू कुठली, बी कुणाचं, रान आधी कशाचं होतं, हे त्याच्याच तोंडून ऐका. प्रामाणिक माणूस या प्रश्नांना खूश होतो आणि तासभर सोडत नाही. टाळाटाळ झाली, शेडची एक खोली दाखवायची राहिली, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

पण रानात जाईपर्यंत एक गोष्ट थांबवू नका. कडू दुधी ज्या वेलाचा होता त्या वेलाची आणखी फळं त्याच शनिवारी दुसऱ्या टोपल्यांतून गेली असणार. त्याला आत्ताच फोन करा, कुणाकुणाकडं दुधी गेलाय ते विचारा आणि त्या घरांना आज रात्रीच्या स्वयंपाकाच्या आत कळवायला सांगा.